टोन पोएट आणि क्लासिक: ब्लू नोटच्या दोन मालिकांचा हिशेब

ब्लू नोट ही जॅझ कंपनी आपल्या जुन्या रेकॉर्ड्स दोन मालिकांत पुन्हा काढते. तिची टोन पोएट मालिका महाग आणि क्लासिक व्हायनल मालिका स्वस्त, म्हणून पहिली खऱ्या कानसेनांची आणि दुसरी भागवून घेणाऱ्यांची, असा समज जॅझ जमवणाऱ्यांमध्ये पक्का बसलाय. तो निम्म्याहून जास्त चुकीचा आहे. दोन्ही मालिकांचं मास्टरिंग, म्हणजे टेपवरचा आवाज तबकडीसाठी तयार करण्याचं काम, केव्हिन ग्रे या एकाच माणसाचं आहे. दोन्हींत जिथे मूळ ॲनलॉग टेप हाताशी आहे तिथे त्या टेपवरूनच लॅकर (पहिली खाच जिच्यावर कोरतात ती चकती) कापलाय. दोन्हींच्या तबकड्या १८० ग्रॅमच्या. फरक आहे तो कव्हरचा, प्रेसिंग प्लांटचा आणि अल्बमच्या निवडीचा. आवाजात डावंउजवं होतं, पण बहुतेक वेळा ते तुमच्या हातात आलेल्या त्या एका प्रतीवर ठरतं, आणि त्याहून जास्त तुमच्या सुईवर.

शिवाय एक अल्बम सहसा एकाच मालिकेत निघतो. त्यामुळे 'हा क्लासिकमध्ये आलाय, पण टोन पोएटमध्ये येईपर्यंत थांबू' असं म्हणणारे नुसतेच थांबून राहतात. थांबू नका.

पैसे कशाचे

टोन पोएट २०१९ मध्ये, ब्लू नोटच्या ऐंशीव्या वर्षी सुरू झाली. नाव पडलं ते मालिकेचे निर्माते जो हार्ली यांच्या टोपणनावावरून. सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांनी त्यांना ते दिलं होतं. हार्ली त्याआधी म्युझिक मॅटर्स या छोट्या कंपनीतर्फे ब्लू नोटच्याच रेकॉर्ड्स पुन्हा काढत होते, आणि त्या प्रती आज जुन्या बाजारात चढ्या भावाने जातात. टोन पोएट म्हणजे तोच शिरस्ता मोठ्या प्रमाणावर आणि कमी किमतीत. तबकड्या कॅलिफोर्नियातल्या कॅमरिलो गावच्या आरटीआय या प्लांटमध्ये दाबल्या जातात. कव्हर स्टॉटन या छपाईवाल्यांचं, पुस्तकासारखं उघडणारं, म्हणजे गेटफोल्ड. जाड पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून, कडा आत दुमडून ते बांधलेलं असतं. ही जुनी पद्धत; हिला 'टिप-ऑन' म्हणतात. उघडलं की आत फ्रान्सिस वुल्फ यांनी रेकॉर्डिंगच्या वेळी काढलेले फोटो मोठ्या आकारात.

त्या फोटोंवर आणि पुठ्ठ्यावर जास्तीचे पैसे मोठ्या प्रमाणात गेलेले आहेत, हे स्पष्ट कळून घ्यावं. ते वाया गेले असं नाही. वुल्फ यांचे फोटो आणि रीड माइल्स यांची अक्षरमांडणी हा ब्लू नोटच्या आकर्षणाचा मोठा भाग आहे, आणि घट्ट काळ्या छपाईत ते बघण्यात मजा आहे. पण लेखणी-वही घेऊन हिशेब मांडायचा तर हा खर्च डोळ्यांसाठी आहे, कानांसाठी नाही.

क्लासिक मालिका डिसेंबर २०२० मध्ये आली. तिचे बरेचसे अल्बम जर्मनीतल्या ऑप्टिमल या मोठ्या प्लांटमध्ये दाबलेले आहेत. कव्हर साधं, एकेरी. मूळ कव्हरची नक्कल चोख असते, पण पुठ्ठा पातळ आणि आत फोटो नाहीत. निवड मात्र हमखास गाजलेल्या नावांची: आर्ट ब्लेकी यांचा 'मोनिन', कॅननबॉल ॲडर्ली यांचा 'समथिन एल्स', केनी बरेल यांचा 'मिडनाइट ब्लू', एरिक डॉल्फी यांचा 'आउट टू लंच'. नव्याने जमवायला बसलेल्याने आधी इथेच हात घालावा.

टोन पोएटची निवड आडवाटेची आहे आणि तिची खरी किंमत तिथेच वसूल होते. टीना ब्रुक्स यांचा 'मायनर मूव्ह', ग्रँट ग्रीन यांचा 'नायजेरिया', डोनल्ड बर्ड यांचा 'चँट' हे अल्बम रेकॉर्ड होऊनही बरीच वर्षं कपाटातच पडून होते. त्यांची 'मूळ प्रत' शोधत बसण्यात अर्थच नाही, कारण १९६० च्या आसपास ती निघालीच नाही. त्याशिवाय पॅसिफिक जॅझ, सॉलिड स्टेट अशा लेबलांचा माल याच मालिकेत येतो. चिक कोरिया यांचा 'नाउ ही सिंग्ज, नाउ ही सॉब्ज' मूळचा सॉलिड स्टेटचा.

टेपपासून खाचेपर्यंत

'पूर्ण ॲनलॉग' हा शब्द कव्हरच्या स्टिकरवर मिरवतो, म्हणून त्यामागचं यंत्र समजून घेतलेलं बरं. लॅकर कापताना लेथला, म्हणजे खाच कापणाऱ्या यंत्राला, पुढे काय येतंय हे थोडं आधी कळावं लागतं. ट्रंपेटचा मोठा फटका येणार असेल तर शेजारच्या खाचांमध्ये अंतर वाढवायचं, शांत भाग असेल तर खाचा जवळ घ्यायच्या. त्यासाठी टेप वाजवणाऱ्या यंत्राला दोन हेड लागतात: एक पुढचं ऐकून लेथला इशारा देणारं, दुसरं प्रत्यक्ष कापण्यासाठी. असं यंत्र नसेल तर स्टुडिओ मधे डिजिटल डिले (आवाज क्षणभर उशिरा सोडणारं यंत्र) घालतो, आणि मग टेप ॲनलॉग असली तरी खाचेत उतरतो तो डिजिटलमधून गेलेला आवाज. ग्रे यांच्याकडे दोन हेडचं यंत्र आहे. त्यांनी कापलेल्या बाजूवर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात 'केपीजी@सीए' असं कोरलेलं सापडतं. सीए म्हणजे त्यांचा कोहिअरंट ऑडिओ. जुन्या बाजारात प्रत घेताना स्टिकर हरवलेलं असतं, तेव्हा हीच खूण कामाला येते.

लॅकरवर चांदीचा थर देऊन निकेलचा साचा काढतात, त्यावरून मदर, मदरवरून स्टॅम्पर, आणि स्टॅम्परने तबकडी दाबतात. इथपर्यंत दोन्ही मालिका सारख्याच वाटेने येतात. वाटा फुटतात त्या दाबताना, आणि ग्राहकाच्या तक्रारीही जवळजवळ सगळ्या इथूनच निघतात.

आरटीआयच्या तबकड्या सरासरीने जास्त शांत असतात आणि ऑप्टिमलच्या सपाटीत बऱ्या असतात, असं माझं मत आहे. दोन्हीकडे वाईट प्रती निघतात. एका वाईट प्रतीवरून मालिकेला शिव्या घालणारे आणि एका चांगल्या प्रतीवरून आरती ओवाळणारे, दोघेही सारखेच घाई करतात.

जाडीबद्दल एक गोष्ट. १८० ग्रॅममुळे खाच जास्त खोल होत नाही. तबकडी थोडी ताठ राहते, हाताला भारदस्त लागते, इतकंच. जाडीमुळे टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) उंची बदलावी लागते असं सांगतात. २३० मिलिमीटर लांबीच्या आर्मवर एक मिलिमीटर उंचीने कोन फक्त पाव अंशाने बदलतो, आणि दोन तबकड्यांच्या जाडीतला फरक तेवढाही नसतो. दर रेकॉर्डला आर्म वर-खाली करणाऱ्यांना करू द्यावं.

खरखर कुठली आहे ते आधी ओळखा

रेकॉर्ड परत करण्याआधी दोष नक्की कोणाचा हे ठरवता आलं पाहिजे. टेपचा, प्लांटचा की तुमच्या सुईचा? तिन्हींचा आवाज वेगळा असतो आणि ओळखायला अवघड नाही.

सर्वात सोपी तपासणी डोळ्यांनी. तबकडी फिरत असताना बाजूने, सुईच्या पातळीवर डोळे आणून कार्ट्रिजकडे (सुई बसवलेल्या छोट्या डबीकडे) बघा. आर्म वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलीय. डावी-उजवीकडे डुलत असेल तर मधलं भोक मध्यावर नाही. वाकडेपणा थोडा असला तर बहुतेक कार्ट्रिज तो निभावून नेतात. वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचे) पडदे आवाज नसतानाही आत-बाहेर हलताना दिसले तर मात्र कार्ट्रिज आणि आर्मची जोडी जुळते का ते बघावं लागेल. दोघांची मिळून नैसर्गिक कंपनं ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावीत, त्याखाली गेली की वाकडी तबकडी त्यांना चाळवते. घट्ट बसवलेलं प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच ठेवणं हेही वाकण्याचं एक कारण आहे. ते हळूहळू आकसतं आणि कव्हरसकट तबकडीला ताणतं. घरी आणल्या आणल्या काढून टाका. स्टिकर हवं असेल तर तेवढा तुकडा कापून आत ठेवा.

भोक सरकलेलं असणं हा जॅझला सर्वात जास्त छळणारा दोष आहे, कारण पियानो आणि व्हायब्राफोनचे लांबलेले स्वर त्यात हेलकावे खातात. अर्धा मिलिमीटर सरकलं तर मध्यापासून १०० मिलिमीटरवरच्या खाचेत स्वर अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. दोन शेजारच्या स्वरांमधलं अंतर साधारण सहा टक्के असतं, तेव्हा आकडा किरकोळ वाटेल, पण स्थिर धरलेल्या स्वरात तो हेलकावा स्पष्ट ऐकू येतो. आतल्या खाचांत त्रिज्या कमी, म्हणून दोष आणखी ठळक. ६५ मिलिमीटरवर तोच अर्धा मिलिमीटर पाऊण टक्क्यापर्यंत जातो. हेलकाव्याचा काळ मोजा: ३३⅓ च्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. डोलणं त्याच लयीत असेल तर दोष तबकडीचा. लय वेगळी असेल तर टर्नटेबलचा पट्टा किंवा मोटर तपासा.

याच १.८ सेकंदांचा उपयोग टकटक ओळखायलाही होतो. ठरावीक लयीत, काही फेरे 'टक्, टक्' होऊन थांबलं तर तिथे फोड किंवा ओरखडा आहे. दिव्याखाली तिरकी धरली की दिसतो. अनियमित टकटक म्हणजे धूळ किंवा स्थिर वीज.

मग नॉन-फिल. दाबताना व्हायनल पुरेसं वितळलं नाही किंवा साचा लवकर उघडला की खाचेच्या भिंती पूर्ण भरत नाहीत. आवाज कापड फाटल्यासारखा येतो, बहुधा एकाच चॅनलमध्ये, आणि काही फेरे टिकतो. डोळ्यांना तो भाग करड्या, निस्तेज पट्ट्यासारखा दिसतो. धुऊन जात नाही. असा आवाज आला की धुण्यात वेळ न घालवता बदलून मागावी. ऐकू न येणारे करडे डाग मात्र चालतात. कागदी पिशवीत सरकवताना पडलेल्या बारीक रेघांनाही घाबरू नये.

आता टेपवरचा दोष. हा कोणत्याही प्रतीत असणारच, आणि यासाठी परत केलेल्या रेकॉर्ड्सची कीव येते. ब्लू नोटचे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ लावत आणि टेपवर भरपूर आवाज चढवत. ली मॉर्गन किंवा फ्रेडी हबर्ड यांचा ट्रंपेट वरच्या पट्टीत कडाडला की कधीकधी टेपवरच फाटतो. शंका आली तर तीच जागा डिजिटल आवृत्तीत ऐका. तिथेही फाटत असेल तर ते १९६० च्या सुमाराचं फाटणं आहे. पैसे देऊन घेतलंय, ऐकून टाका. व्हॅन गेल्डर यांचा पियानोही असाच, पेटीत बंद केल्यासारखा. त्याबद्दल ग्रे यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आणि शेवटी सुईचा दोष, जो बहुतांश लोक प्लांटच्या माथी मारतात. बारा इंची तबकडीच्या बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. अगदी आत, ६० मिलिमीटर त्रिज्येवर, ती २१ सेंटिमीटरवर येते. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं. तिथे साधी गोल सुई वळणं पकडू शकत नाही. ही तपासायला 'आउट टू लंच'ची पहिली बाजू उत्तम आहे. तिसरी रचना 'गझलोनी' लेबलाजवळ येते, तिच्यात डॉल्फी यांची बासरी आणि बॉबी हचरसन यांचा व्हायब्राफोन, म्हणजे सुईचे दोन्ही अवघड पेपर एकाच वेळी. बासरीच्या वरच्या स्वरांना शिट्टीसारखी किनार येत असेल, व्हायब्राफोनचा टोला गुळगुळीत न वाजता तुटत असेल, आणि त्याच बाजूवरची पहिली रचना स्वच्छ वाजत असेल, तर तबकडी निर्दोष आहे. कार्ट्रिज नीट बसवा.

शांत पृष्ठभाग तपासायला 'मिडनाइट ब्लू'. पहिल्या बाजूवरची 'सोल लमेंट' ही नुसती गिटार आहे, सोबतीला कोणी नाही. प्लांटने केलेली कुचराई तिथे लपत नाही. 'समथिन एल्स'मध्ये 'वन फॉर डॅडी-ओ' संपता संपता माइल्स डेव्हिस ब्लू नोटचे संस्थापक आल्फ्रेड लायन यांना काहीतरी विचारतात. तो खरजातला घोगरा आवाज पृष्ठभागाच्या सळसळीवर स्पष्ट उठून आला पाहिजे.

कार्ट्रिज बसवताना

वजनकाटा लागतोच. शतांश ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, आणि सुई टेकेल ती जागा तबकडीच्या उंचीवर ठेवून मोजा; उंच काट्यावर मोजलेलं वजन चुकतं. ऑर्टोफोन टू-एम ब्लूला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम ९५ मालिकेला २.० ग्रॅम. 'कमी वजन म्हणजे रेकॉर्डला आराम' हा गैरसमज टाका. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना ठेचते. शिफारशीच्या मधोमध किंवा जरासं वर ठेवावं.

कोनासाठी छापील प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोनमापक. नल पॉइंट (जिथे सुई खाचेशी अचूक सरळ असते त्या जागा) ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर ठेवणारी बेअरवाल्ड मांडणी जॅझच्या वीस-बावीस मिनिटांच्या बाजूंना चांगली बसते. टर्नटेबल बनवणाऱ्याने स्टीव्हनसन मांडणी दिली असेल (६०.३ आणि ११७.४) तर अगदी शेवटच्या खाचा सुधारतात, मधला भाग थोडा बिघडतो. दोन्हींत सुईचं टोक एक मिलिमीटर पुढेमागे झालं तरी आतल्या ट्रॅकवर कळतं, तेव्हा स्क्रू आवळताना कार्ट्रिज सरकणार नाही याकडे लक्ष द्या. ते सरकतंच, आवळल्यावर पुन्हा तपासा.

सुईच्या टोकाचा आकार हा या दोन्ही मालिकांमधल्या फरकापेक्षा मोठा विषय आहे. व्हीएम ९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजच्या अंगात वेगवेगळ्या सुया बसतात. एलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईला कंपनी ३०० तास देते, मायक्रोलिनिअरला (अगदी बारीक टोकाच्या सुईला) १००० तास. चाळीस मिनिटांचा अल्बम धरला तर ३०० तास म्हणजे साडेचारशे अल्बम. नियमित ऐकणाऱ्याला ते संपायला फार काळ लागत नाही. मायक्रोलिनिअर महाग असली तरी तासाच्या हिशेबात परवडते, आणि 'गझलोनी' तिच्यावर सरळ वाजते. टोन पोएटच्या दहा प्रती घेण्याऐवजी आठ घ्या आणि उरलेल्या पैशांत सुई बदला, हा सल्ला मी बिनदिक्कत देईन. डेनॉन डीएल-१०३ जॅझवाल्यांची लाडकी आहे, आणि तिच्यावर टेनर सॅक्सोफोनला जे अंग येतं ते नाकारता येत नाही. पण ती गोल सुई आहे, २.५ ग्रॅमने चालते, जड आर्म मागते आणि आतल्या खाचांत दमते.

धुणं. नवी रेकॉर्ड स्वच्छ असते असं धरून चालू नका. पिशवीतल्या कागदाचा भुसा आणि स्थिर वीज दोन्ही घेऊन ती येते. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात फोटो फिल्म धुण्याच्या वेटिंग एजंटचे (पाणी सगळीकडे पसरवणाऱ्या द्रवाचे) काही थेंब पुरतात. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने फिरवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्यांदा धुवा, उभी ठेवून वाळवा. दुसरं धुणं टाळलं तर साबणाचा थर सुईवर जमतो आणि मग 'धुतल्यावर जास्त खरखरते' अशी तक्रार होते. नळाचं पाणी नको, क्षार मागे राहतात. वाळल्यावर जुन्या कागदी पिशवीत परत न घालता प्लॅस्टिकच्या अस्तराच्या नव्या पिशवीत ठेवा.

मोनोचा मुद्दा

टोन पोएटमध्ये काही रेकॉर्ड्स मुद्दाम मोनोत (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) निघाल्यात, आणि ते काटकसरीमुळे नाही. व्हॅन गेल्डर यांचा पहिला स्टुडिओ म्हणजे हॅकेन्सॅकमधल्या त्यांच्या आईवडिलांच्या घराची बैठकीची खोली. १९५९ मध्ये ते एंगलवूड क्लिफ्सच्या नव्या स्टुडिओत गेले. १९५७ पासून काही काळ मोनो आणि दोन-ट्रॅक अशी दोन यंत्रं एकाच वेळी चालत. वाजताना तोलून बघितला जायचा तो मोनोचाच आवाज. १९५८ संपता संपता वेगळी मोनो टेप बंद झाली, आणि त्यानंतरची मोनो रेकॉर्ड म्हणजे स्टिरिओचे दोन ट्रॅक एकत्र केलेले. म्हणून १९५७-५८ चा अल्बम असेल तर मोनोला स्वतंत्र अर्थ आहे. १९६३ चा असेल तर मोनोसाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा नाही.

जॉन कोल्ट्रेन यांचा 'ब्लू ट्रेन' १५ सप्टेंबर १९५७ चा. टोन पोएटने २०२२ मध्ये तो दोन्ही रूपांत काढला: मोनोची एक तबकडी, आणि राहिलेल्या टेक्ससह (त्याच रचनांची न वापरलेली ध्वनिमुद्रणं) स्टिरिओच्या दोन. मोनो घ्यावी. स्टिरिओत वाद्यं दोन टोकांना पांगलेली आणि मधे रिकामं, तर मोनोत सॅक्सोफोन, ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन एकत्र अंगावर येतात. राहिलेले टेक्स अभ्यासाला ठीक. चेट बेकर यांचा 'चेट बेकर सिंग्ज' टोन पोएटने मोनोत काढला, तेही योग्यच. १९६० च्या दशकात निघालेल्या स्टिरिओ आवृत्तीत जो पास यांची गिटार नंतर वरून चढवलेली आहे.

मोनो ऐकताना ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनो खाच फक्त आडवी हलते. उभ्या हालचालीतून येतो तो निव्वळ कचरा, आणि दोन चॅनल एकत्र झाले की तो बराचसा कापला जातो. बटण नसेल तर दोन वाय-केबल (दोन तारा एकात जोडणारी केबल) लावून तेच होतं. नव्या मोनो रेकॉर्ड्ससाठी वेगळी मोनो सुई घ्यायची गरज नाही, त्या आजच्या सुईच्या मापाने कापलेल्या आहेत.

मूळ प्रती आणि इतर मालिका

'ओरिजिनल'चा नाद असलेल्यांना या मालिका पचत नाहीत. त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. व्हॅन गेल्डर स्वतः लॅकर कापत, त्या काळच्या साध्या फोनोग्राफवर सुई उडू नये म्हणून खालचा बास आवरत आणि आवाज दाबून पुढे आणत. त्यामुळे मूळ प्रतीत ट्रंपेट आणि स्नेअर ड्रमचा जो चपराक बसावी तसा फटका येतो, तो ग्रे यांच्या आवृत्तीत सौम्य आहे. उलट पॉल चेंबर्स यांच्या बासचे खालचे स्वर ग्रे यांनी जसे बाहेर काढलेत तसे मूळ प्रतीत नाहीतच. मूळ प्रत घ्यायचीच असेल तर लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' आणि प्लास्टिलाइट प्लांटची कानासारखी दिसणारी 'पी'ची खूण शोधा. लिबर्टी कंपनीने ब्लू नोट घेतल्यावर, १९६६ च्या सुमारास, ती खूण गेली. आणि ऐकल्याशिवाय घेऊ नका. जड आर्मांनी खरवडलेली खाच दिसायला चकचकीत असते.

प्रेस्टिज, रिव्हरसाइड, कंटेम्पररी या लेबलांसाठी क्राफ्ट कंपनीची ओरिजिनल जॅझ क्लासिक्स मालिका २०२३ पासून पुन्हा सुरू आहे. पुन्हा ग्रे, पुन्हा आरटीआय, टिप-ऑन कव्हर. टोन पोएट आवडली तर हीही आवडेल. व्हर्व्ह आणि इम्पल्सची अकूस्टिक साउंड्स मालिका कॅन्ससमधल्या सलायना इथल्या क्यूआरपी प्लांटची. कोल्ट्रेन यांचा 'अ लव्ह सुप्रीम' हवा असेल तर तीच घ्यावी. पंचेचाळीसच्या वेगाच्या दुहेरी संचांत खाचेचा वेग ३५ टक्के जास्त मिळतो, आतल्या खाचांचा त्रास खूप कमी होतो, पण दर दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं. लांब सोलो ऐकणाऱ्याला ते जाचक आहे.

अगदी स्वस्तात मिळणाऱ्या युरोपीय प्रतींपासून मात्र लांब राहा. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो ७० वर्षांचा झाला, पण संपलेले हक्क परत जागे झाले नाहीत. म्हणजे १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं जॅझ तिथे कोणीही कायद्याने छापू शकतं. यातल्या बहुतेकांना मूळ टेपपर्यंत पोच नसते. कव्हरवर १८० ग्रॅम ठळक लिहिलेलं असतं, टेप कुठली किंवा मास्टरिंग कोणाचं याचा पत्ता नसतो. क्लासिक मालिकेची प्रत यांच्यापेक्षा थोडीच महाग पडते.

क्लासिकमध्येही प्रत्येक अल्बम ॲनलॉग नाही. डिजिटलवरच रेकॉर्ड झालेले अलीकडचे अल्बम या मालिकेत येतात, आणि ते तसेच येणार. घेण्याआधी त्या अल्बमचं स्टिकर वाचा.